उंदीर बरा झाला, मग माणूस का नाही?

२०११ सालची दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय नुकतेच सुरू झाले होते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी लंबकांचे दोरे तपासत बसलो होतो. आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावी सारेच 'भाऊ' म्हणतात, खिशातून घडी घातलेले वर्तमानपत्राचे एक कात्रण काढून समोर उभे राहिले. सिकलसेल झालेले उंदीर शास्त्रज्ञांनी बरे केले, अशी ती बातमी होती. भाऊंच्या मुलीला हाच आजार आहे. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

"सर, हे आपल्या इकडे कधी येईल जी?" भाऊंनी विचारले.

मी कात्रण वाचले आणि अगदी सहज बोलून गेलो, "उंदरांवर जमले ना, मग आता फार वर्षे लागायची नाहीत."

भाऊंनी ते कात्रण पुन्हा नीट घडी करून खिशात ठेवले. आज त्यांची मुलगी मोठी झाली आहे, पदवीधर झाली आहे आणि रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेते. कात्रणातील उपाय तिच्यापर्यंत अजून आलेला नाही. माझे उत्तर चुकले होते. वर्षांचा अंदाज चुकणे एक वेळ क्षम्य आहे. पण त्यामागचा माझा विचारच चुकीचा होता. 'उंदरात झाले, म्हणजे माणसात होणारच. फक्त थोडा वेळ' असे मी धरून चालत होतो. विज्ञान शिकविणाऱ्याने असे बोलू नये. म्हणून विद्यार्थी मित्रहो, उंदरांवरील प्रयोगांतून आपल्याला नेमके काय कळते आणि काय कळत नाही, याविषयी माझे मत आज तुमच्यापुढे मांडतो. त्यासाठी रक्तपेशींच्या घडणीत होणाऱ्या बिघाडांचे उदाहरण घेऊ, कारण या अभ्यासात उंदराने माणसाला जितके शिकविले तितके क्वचितच कुठे शिकविले असेल.

एका सेकंदाला चोवीस लाख

प्रथम एक छोटे गणित करू. वही-पेन्सिल घ्या. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते, म्हणजे ५० लाख घन मिलिमीटर. दर घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. दोहोंचा गुणाकार केला की २५ लाख कोटी पेशी होतात. तांबडी पेशी सरासरी १२० दिवस जगते. १२० दिवसांचे सेकंद सुमारे १ कोटी ४ लाख. आता भागाकार करा. दर सेकंदाला सुमारे २४ लाख तांबड्या पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार व्हाव्या लागतात! हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या अंगात त्यांची लाखांनी भर पडली आहे.

हा कारखाना आहे हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तांबड्या पेशी, रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या बिंबिका यांची निर्मिती तेथे अखंड चालू असते. या कारखान्यात कोठेही बिघाड झाला तरी माणूस आजारी पडतो. परंतु बिघाड नेमका कोठे झाला, हे शोधायचे कसे? जिवंत माणसाचा कारखाना उघडून, त्यातील भाग काढून-घालून पाहण्याचा अधिकार कोणालाच नाही.

म्हणून उंदीर. तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे. त्याच्या रक्तातही याच तीन प्रकारच्या पेशी असतात. मादी तीन आठवड्यांत वितेही. शिवाय पिढ्यान् पिढ्या भावा-बहिणींचे संकर करून उंदरांचे असे वंश तयार केलेले आहेत की, त्यातील सारे उंदीर जुळ्या भावंडांसारखे असतात. एकाची मज्जा दुसऱ्याच्या अंगात घातली तर दुसरा ती परकी म्हणून नाकारत नाही. ही अदलाबदलीची सोय किती मोलाची आहे, ते पुढे कळेल.

सरळ रेषेने सांगितलेली गोष्ट

१९६१ साली कॅनडातील टोरोंटो येथे, ऑन्टॅरिओ कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये दोन माणसे एकत्र काम करीत होती. अर्नेस्ट मॅकलॉक हे डॉक्टर आणि जेम्स टिल हे मुळात पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. किरणोत्सर्गाने मज्जेतील पेशी किती प्रमाणात मरतात, हे त्यांना मोजायचे होते. त्यांनी उंदरांवर प्राणघातक मात्रेत किरणांचा मारा केला. त्यामुळे मज्जेतील कारखाना बंद पडला. मग निरोगी उंदराच्या मज्जेतील मोजून घेतलेल्या पेशी त्यांनी या उंदरांच्या शिरेतून टोचल्या. दहा-अकरा दिवसांनी उंदरांची प्लीहा तपासली, तेव्हा तिच्यावर लहान लहान गाठी उठलेल्या दिसल्या. त्या गाठींत नव्या रक्तपेशी जन्म घेत होत्या.

दुसऱ्या कोणी 'गाठी दिसल्या' अशी नोंद केली असती आणि वही मिटली असती. यांनी गाठी मोजल्या आणि आलेख काढला. आडव्या अक्षावर टोचलेल्या पेशींची संख्या, उभ्या अक्षावर गाठींची संख्या. रेषा सरळ आली! पेशी दुप्पट केल्या की गाठी दुप्पट. साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ.

आता थोडा विचार करा. एक गाठ तयार होण्यासाठी दोन विशिष्ट पेशी एकत्र याव्या लागत असत्या, तर पेशी दुप्पट केल्यावर गाठी चौपट व्हायला हव्या होत्या आणि रेषा वक्र यायला हवी होती. रेषा सरळ आली, त्या अर्थी एक गाठ उठण्यास एकच पेशी पुरेशी असावी, असा कयास निघतो. परंतु कयास म्हणजे पुरावा नव्हे. १९६३ मध्ये त्यांचे विद्यार्थी अँड्र्यू बेकर यांच्यासह त्यांनी पुरावा मिळविला. किरणांमुळे काही पेशींच्या गुणसूत्रांत विचित्र मोडतोड होते आणि प्रत्येक पेशीची मोडतोड वेगळी असते, जणू तिच्यावरचा शिक्काच. अशा एखाद्या गाठीतील विभागणाऱ्या पेशी पाहिल्या, तर जवळजवळ सर्वांवर एकच शिक्का आढळला. एका पेशीपासून सारी गाठ वाढली होती, आणि कित्येक गाठींत तर एकाहून अधिक प्रकारच्या रक्तपेशी होत्या. आज आपण ज्यांना मूलपेशी म्हणतो, त्यांच्या अभ्यासाचा पाया असा मोजणीने घातला गेला.

बियाणे की जमीन?

आता खऱ्या बिघाडाकडे वळू. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर या गावी उंदरांच्या वंशांसाठी प्रसिद्ध असलेली जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे एलिझाबेथ रसेल या विदुषींनी जन्मजात रक्तक्षय असलेल्या उंदरांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांतील दोन जाती आपल्या उपयोगाच्या आहेत. एकीला 'डब्ल्यू' म्हणतात, दुसरीला 'स्टील'. दोन्हींत तीच लक्षणे दिसतात: अंगावर पांढरे केस, पण डोळे काळे, रक्तात तांबड्या पेशी कमी, आणि संततीला असमर्थ. दोघे शेजारी ठेवले तर कोण कोणता, हे सांगणे कठीण. पण संकर करून पाहिल्यावर कळले होते की दोघांच्या दोषाची जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत.

टोरोंटोच्या गटाने गाठी मोजण्याची पद्धत १९६४ व १९६५ मध्ये या उंदरांना लावली. प्रयोग अदलाबदलीचा होता. 'डब्ल्यू' उंदराची मज्जा निरोगी वंशाच्या, किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरात घातली. गाठी उठल्या नाहीत. उलट निरोगी मज्जा 'डब्ल्यू' उंदरात घातली, तर गाठी उठतात आणि त्याचा रक्तक्षय बरा होतो. म्हणजे जमीन चांगली, बियाणे खराब. मग 'स्टील' उंदराची मज्जा निरोगी वंशाच्या उंदरात घातली. गाठी छान उठल्या! पण निरोगी मज्जा 'स्टील' उंदरात घातली, तर ती तेथे नीट रुजेना. म्हणजे बियाणे चांगले, जमीन नापीक.

बाहेरून एकच दिसणारा रोग, पण आत दोन अगदी वेगळे बिघाड! आणि ते ओळखण्याची युक्ती तुम्ही घरी रोज वापरता. विजेरी लागली नाही तर आपण काय करतो? तिच्यातील सेल दुसऱ्या चालू विजेरीत घालून पाहतो आणि तिचे सेल हिच्यात घालतो. दोन अदलाबदलींत दोष सेलमध्ये की दिव्यात हे कळते. टोरोंटोचा प्रयोग म्हणजे हीच युक्ती, जिवंत शरीरात काटेकोरपणे केलेली.

या उत्तराची पूर्तता व्हायला आणखी दोन तपे गेली. १९८८ मध्ये समजले की 'डब्ल्यू' उंदरात बिघडलेले जनुक पेशीच्या पृष्ठभागावरील 'किट' नावाच्या एका प्रथिनाचे आहे. ते जणू पेशीवरील कुलूप. १९९० मध्ये समजले की 'स्टील' उंदरात जे जनुक बिघडलेले आहे, ते या कुलपात नेमक्या बसणाऱ्या किल्लीचे, म्हणजे भोवतालच्या पेशी जे प्रथिन पुरवितात त्याचे आहे. कुलूप बियाण्यावर, किल्ली जमिनीत! रंगपेशी व जननपेशी यांच्या वाढीलाही हीच जोडी लागते. म्हणून पांढरे केस आणि वांझपण. १९६५ साली केवळ गाठी मोजून काढलेला निष्कर्ष पंचवीस वर्षांनी रेणूंच्या भाषेत खरा ठरला. माझ्या मते एखादा प्रयोग चांगला की वाईट, याची याहून मोठी कसोटी नाही.

उंदीर म्हणजे लहानसा माणूस नव्हे

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की मग उंदराचे सारे निष्कर्ष माणसाला लावावेत. थांबा. माणसांतही किट-जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली कुटुंबे आहेत. त्यांच्यात कपाळावर पांढऱ्या केसांची बट आणि अंगावर पांढरे डाग आढळतात. उंदराचे केस आठवले ना? पण त्यांना रक्तक्षय सहसा नसतो. सारखेपणा अर्ध्यावर येऊन थांबला.

याच्या उलट उदाहरण पाहा. डायमंड-ब्लॅकफॅन नावाचा एक दुर्मिळ रोग आहे. त्यात बाळाची मज्जा तांबड्या पेशी पुरेशा तयार करीत नाही. १९९९ मध्ये कळले की काही रुग्णांत, पेशींतील प्रथिने जुळविणाऱ्या यंत्रणेच्या एका घटकाच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते. मग शास्त्रज्ञांनी उंदरातील त्याच जनुकाची एक प्रत मोडली. २००४ मध्ये निष्कर्ष आला: उंदीर ठणठणीत! दोन्ही प्रती मोडल्या, तर गर्भ रुजण्यापूर्वीच नष्ट झाला. माणसाचा रोग मात्र उंदरात उतरला नाही. त्यासाठी पुढे वेगळ्या युक्त्या योजाव्या लागल्या.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला याचे आश्चर्य वाटू नये. आपण घर्षणरहित कप्पीची गणिते सोडवितो. पण तशी कप्पी विहिरीवर बांधायला बाजारात मिळत नाही. आदर्श वायू कोणत्याही सिलिंडरात नसतो. तरी ही प्रतिमाने आपण टाकून देत नाही, कारण ती कोठपर्यंत चालतात हे आपल्याला ठाऊक असते. उंदीरही असेच एक प्रतिमान आहे. फरक इतकाच की कप्पी आपण कल्पनेने बनवितो, त्यामुळे तिच्यात काय गाळले ते आपल्याला माहीत असते; उंदीर निसर्गाने बनविला आहे, त्यामुळे त्याच्यात व आपल्यात काय निराळे आहे, हे एकेक प्रयोग करूनच कळते.

पुन्हा ते कात्रण

आता भाऊंच्या कात्रणातील बातमी समजून घेऊ. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या रेणूत एक छोटासा बदल असतो. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. विदर्भातल्या कितीतरी घरांना त्या वेदना ठाऊक आहेत. उंदराला हा रोग निसर्गतः होत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत दोन गटांनी उंदरांची स्वतःची हिमोग्लोबिनची जनुके काढून तेथे माणसाची, सिकलसेलची जनुके काम करतील असे केले. तेव्हा कोठे विळ्यासारख्या पेशींचा उंदीर तयार झाला.

गर्भात असताना आपले हिमोग्लोबिन निराळ्या प्रकारचे असते. जन्मानंतर ते हळूहळू बंद होते. म्हणूनच सिकलसेल असलेल्या बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही. हे बंद करणारे 'बटण' कोणते? त्याचा सुगावा उंदरांनी दिला नाही. ज्यांच्या रक्तात मोठेपणीही गर्भातील हिमोग्लोबिन अधिक उरते, अशा माणसांच्या जनुकांच्या अभ्यासातून तो २००७-०८ च्या सुमारास लागला. त्या बटणाला 'बीसीएल ११ ए' असे नाव आहे. २०११ मध्ये सिकलसेलच्या उंदरांत, रक्त घडविणाऱ्या पेशींतील हे जनुक काढून टाकले आणि उंदरांचा रोग हटला. भाऊंच्या कात्रणातील बातमी ती हीच.

मग बारा वर्षे काय चालले होते? संपूर्ण जनुक न मोडता, फक्त तांबड्या पेशींपुरते ते मंद करणारी जागा शोधायची होती. ती नेमकी कापणारे हत्यार हवे होते. माणसाला त्यातून अपाय होत नाही ना, हे पाहायचे होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून दुरुस्त करतात, औषधाने मज्जा रिकामी करतात आणि दुरुस्त पेशी शिरेतून परत घालतात. आधी जमीन मोकळी करायची, मग बी पेरायचे. टोरोंटोच्या उंदरांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्या उपचाराची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत होती २२ लाख डॉलर. म्हणजे उंदरापासून माणसापर्यंतचा पल्ला संपला, तरी एका माणसापासून सर्व माणसांपर्यंतचा पल्ला उरतोच. तो प्रयोगशाळेत कापता येत नाही.

उंदरांचे देणे

आणखी एक गोष्ट मनमोकळेपणाने सांगितली पाहिजे. त्या सरळ रेषेवरील प्रत्येक बिंदू उंदरांच्या प्राणांनी काढलेला आहे. प्लीहेवरील गाठी मोजायच्या तर उंदीर मारावाच लागतो. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले होते, "सर, हे योग्य आहे का?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन नियम सुचविले: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, कमीत कमी प्राणी वापरा, त्यांना कमीत कमी यातना द्या. मला हे नियम मान्य आहेत आणि मी त्यांत एकाची भर घालीन. प्रश्न नीट आखल्यावाचून प्राण्याला हात लावू नका. अदलाबदलीचा जो प्रयोग पाव शतक टिकला, त्यातील उंदीर वाया गेले नाहीत. ज्या प्रयोगातून काहीच निश्चित निघत नाही, त्यातील एकही उंदीर मारणे मला अन्यायाचे वाटते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. मज्जा, प्लीहा, पेशींचे प्रकार यांची नावे पाठ करून घेण्याआधी वर्गात दोन विजेऱ्या आणा आणि दोष शोधायला सांगा. मग टोरोंटोची गोष्ट सांगा. जीवशास्त्र पाठांतराचे आणि पदार्थविज्ञान आकडेमोडीचे, अशी भिंत आपण दहावीतच उभी करतो. मोजणारा आणि वैद्यकी करणारा एका टेबलाशी बसले, म्हणून गाठींचा अर्थ लागला, हे मुलांना कळू द्या.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी 'उंदरांवर प्रयोग यशस्वी' असा मथळा दिसला, की तीन प्रश्न विचारा. हा रोग उंदराला मुळात होता, की तो घडवून आणला होता? ज्या उंदरांना उपचार दिला नाही, त्यांच्याशी तुलना केली होती का? आणि माणसात याच जागी काय असते? यांची उत्तरे बातमीत नसतील, तर आशा जरूर ठेवा. पण आश्वासन कोणाला देऊ नका.

भाऊंना मी हे सारे गेल्या महिन्यात समजावून सांगितले, माझ्या जुन्या उत्तराबद्दल क्षमाही मागितली. त्यांनी पाकिटातून ते कात्रण काढले. घड्यांवर ते आता फाटू लागले आहे. "तुम्ही तेव्हा हे सांगितले असते, तरी मी हे ठेवलेच असते, सर," ते म्हणाले. मग लंबकांचे दोरे बांधायला निघून गेले.